मामांचा ३००बी आणि न जुळलेले स्पीकर: एका जोडीची तपासणी

मामांची तक्रार तीन वाक्यांत संपत होती. डग्गा घुमतो. गाणाऱ्याचा आवाज पोकळ येतो, छातीतून येतच नाही. आणि तान वर चढली की कानाला टोचतं. ‘अरे, जुन्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर हेच स्पीकर किती छान वाजायचे,’ ते फोनवर म्हणाले, ‘मग इतका नावाजलेला ट्यूब अ‍ॅम्प आणून मी मिळवलं काय?’

नवा अ‍ॅम्प ३००बी या ट्रायोड जातीच्या व्हॅक्यूम ट्यूबचा, सिंगल-एंडेड. म्हणजे प्रत्येक चॅनेलला आउटपुटची एकच ट्यूब. ताकद ८ वॅट, फीडबॅक (बाहेर गेलेला सिग्नल परत आत आणून चुका दुरुस्त करायची सोय) अजिबात नाही. मागे ४ आणि ८ ओहमचे वेगवेगळे टर्मिनल. स्पीकर जुनेच, उंच, जमिनीवर उभे राहणारे. प्रत्येकात साडेसहा इंची दोन वूफर, वर ट्वीटर, आणि मागच्या बाजूला हवेचं नळकांडं, म्हणजे पोर्ट. माहितीपत्रकात ‘संवेदनशीलता ९० डेसिबल’ आणि ‘८ ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरशी सुसंगत’ असं छापलेलं. मामांनी ते वाचून तारा ८ ओहमच्या टर्मिनलला जोडल्या होत्या. कुणीही तेच केलं असतं.

मी जाण्याआधी त्यांनी ड्रायव्हर ट्यूब (आउटपुट ट्यूबला सिग्नल पुरवणाऱ्या) दोनदा बदलून पाहिल्या, स्पीकरच्या तारा बदलल्या, स्पीकरखाली टोकदार पाय बसवले. दर वेळी दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी डग्गा पुन्हा घुमायला लागायचा. नव्या बदलाकडे कान मोठ्या आशेने लागलेले असतात, ती आशा ओसरायला दोन दिवस जातात. हा अनुभव मीही घेतला आहे.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण त्यात सदोष वस्तू एकही नव्हती. अ‍ॅम्प उत्तम होता, स्पीकर उत्तम होते, खोलीही बरी होती. बिघाड दोघांच्या मधल्या जागेत होता, आणि त्या जागेचा आकडा दोन्ही माहितीपत्रकांत कुठेच नव्हता.

कागदावरचे ९० डेसिबल

आधी तो ९० चा आकडा पाहू. संवेदनशीलता बहुतेक वेळा २.८३ व्होल्ट देऊन एक मीटरवर मोजतात. ८ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. पण स्पीकर प्रत्यक्षात ४ ओहमचा असेल, तर तेवढ्याच व्होल्टला तो २ वॅट ओढतो. म्हणजे ‘९० डेसिबल’ दोन वॅटला मिळाले. एका वॅटचा हिशेब केला तर ते ८७ च होतात. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला याची फिकीर नसते, दुप्पट करंट तो सहज देतो. पण ज्याच्याकडे जेमतेम ८ वॅट आहेत, त्याच्यासाठी ३ डेसिबल म्हणजे निम्मी कमाई. ३ डेसिबल भरून काढायला ताकद दुप्पट लागते, १० डेसिबलसाठी दहापट.

मग मामांचे स्पीकर खरे किती ओहमचे? ‘८ ओहमशी सुसंगत’ या शब्दांत उत्तर नाही. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ६०२६८-५ या मानकानुसार स्पीकरचा इम्पिडन्स (करंटला होणारा रोध, जो फ्रीक्वेन्सीनुसार बदलतो) कोणत्याही फ्रीक्वेन्सीला त्याच्या छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको. ८ ओहमच्या स्पीकरचा तळ ६.४ ओहमच्या वर असायला हवा. ‘सुसंगत’ लिहिलं की हे बंधन अंगावर येत नाही.

उलट बाजूचं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. बीबीसीने १९७० च्या दशकात घडवलेला एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर स्पीकर. संवेदनशीलता फक्त ८२-८३ डेसिबलच्या आसपास, म्हणजे कागदावर ट्यूबसाठी बाद. तरीही मध्यम ताकदीच्या ट्यूब अ‍ॅम्पवर तो वर्षानुवर्षं आवडीने वाजवला गेला. मूळ आवृत्तीचा इम्पिडन्स १५ ओहम होता, हे त्यातलं मोठं कारण. मोठ्या आवाजाला तो थकतो, पण अ‍ॅम्पला छळत नाही. मामांचे स्पीकर नेमके याच्या विरुद्ध निघाले.

मोजमाप

एका संध्याकाळी मी मल्टीमीटर, १० ओहमचा एक जाड रेझिस्टर आणि लॅपटॉप घेऊन गेलो. रीत साधी आहे. स्पीकरच्या तारेत तो रेझिस्टर एकसर जोडायचा, ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमधून एका फ्रीक्वेन्सीचा हळू सूर सोडायचा, आणि आधी रेझिस्टरवरचा, मग स्पीकरवरचा व्होल्टेज मोजायचा. दोघांतून करंट एकच जातो. म्हणून स्पीकरचा व्होल्टेज भागिले रेझिस्टरचा व्होल्टेज, गुणिले १०, की त्या फ्रीक्वेन्सीचा इम्पिडन्स मिळाला. साधे मल्टीमीटर वरच्या फ्रीक्वेन्सीला चुकीचं वाचतात, पण इथे दोन्ही वाचनं एकाच फ्रीक्वेन्सीची असल्यामुळे भागाकारात ती चूक बहुतांशी उडून जाते. मी सूर बदलत होतो, मामा वहीत आकडे लिहीत होते. चाळीस बिंदू झाले तेव्हा वहीच्या पानावर डोंगररांगेसारखी रेघ तयार झाली होती.

२४ हर्ट्झला एक शिखर, १७ ओहम. ३६ ला खोलगट, तिथे पोर्ट घुमतो. ६२ हर्ट्झला दुसरं शिखर, २२ ओहम. त्यानंतर रेघ सरळ दरीत कोसळली: १३० हर्ट्झला ३.४ ओहम. ३०० पर्यंत ती ४ च्या आसपास रेंगाळली, मग क्रॉसओव्हरजवळ, म्हणजे जिथे काम वूफरकडून ट्वीटरकडे जातं तिथे, पुन्हा चढली, १६०० हर्ट्झला १६ ओहम, आणि वर ५ वर येऊन स्थिरावली.

३.४ ओहम! ही ४ ओहमची जोडी होती, तीही भोवती मोठे चढउतार असलेली.

आता अ‍ॅम्पची बाजू. अ‍ॅम्पच्या पोटात स्वतःचाही एक अंतर्गत रोध असतो, त्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. तो मोजायला मी ८ ओहमच्या टर्मिनलवर स्पीकरऐवजी ८ ओहमचा रेझिस्टर लावला आणि २.० व्होल्ट येतील एवढा आवाज ठेवला. मग अ‍ॅम्प बंद करून, आवाजाचं बटण न हलवता, ४ ओहमचा रेझिस्टर लावला. व्होल्टेज १.६७ वर आला. पहिल्या वेळी करंट पाव अँपिअर, दुसऱ्या वेळी ०.४१७. करंट ०.१६७ ने वाढला आणि व्होल्टेज ०.३३ ने पडला. भागाकार २ ओहम. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये हाच आकडा बहुधा एका ओहमच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो.

(हे करून पाहणाऱ्यांसाठी: तारा बदलताना अ‍ॅम्प बंदच हवा, आणि ट्यूब अ‍ॅम्प भाराशिवाय कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूला भार नसला तर प्राथमिक बाजूला व्होल्टेज इतका उसळू शकतो की आतलं इन्सुलेशन फुटतं. झाकण उघडायचं तर कामच नाही. आत शेकडो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकून राहतात.)

हे २ ओहम येतात कुठून? ३००बी ट्यूबचा प्लेट रोध सुमारे ७०० ओहम. ती थेट स्पीकर हलवू शकत नाही, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर. मामांच्या अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर ८ ओहमच्या स्पीकरला ट्यूबसमोर ३५०० ओहम करून उभा करतो. ३५०० भागिले ८ म्हणजे साधारण ४३७. वेढ्यांच्या गुणोत्तराचा हा वर्ग. ट्यूबचे ७०० ओहम त्याच आकड्याने भागले जाऊन बाहेर १.६ ओहम दिसतात. वाइंडिंगच्या तारेचा रोध त्यात मिळवला की झाले २. यात ड्रायव्हर ट्यूबचा कुठेच संबंध नाही. मामांनी त्या दोनदा बदलल्या तरी डग्गा का सावरला नाही, ते इथे कळतं.

तीन तक्रारी, तीन जागा

खरी गोम आता दिसते. अ‍ॅम्पचे २ ओहम आणि स्पीकरचा इम्पिडन्स मिळून व्होल्टेज वाटून घेतात. स्पीकरचा वाटा मोठा असेल तिथे जवळजवळ सगळा व्होल्टेज त्याला मिळतो. वाटा लहान असेल तिथे अ‍ॅम्प बराचसा स्वतःच खातो. ६२ हर्ट्झला २२ ओहमवर नुकसान पाऊण डेसिबल. १३० हर्ट्झला ३.४ ओहमवर ते ४ डेसिबल. १६०० हर्ट्झला १६ ओहमवर १ डेसिबल.

म्हणजे स्पीकरच्या डोंगररांगेचा ठसा आवाजावर उमटत होता. ६२ हर्ट्झ १३० च्या तुलनेत सव्वातीन डेसिबल वर, १६०० हर्ट्झ ३ डेसिबल वर. मामांच्या तीन वाक्यांशेजारी हे आकडे ठेवून पाहा. डग्ग्याचा खालचा सूर शंभर हर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात फिरतो, तिथे शिखर. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते २०० हर्ट्झ, तिथे दरी; म्हणून गाणारा पोकळ. आणि तानेचा कडा जिथे धारदार होतो, त्या दीड हजार हर्ट्झच्या परिसरात पुन्हा उंचवटा.

डग्ग्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण हे मला तिथे बसून ऐकताना उमगलं. वादक मनगटाचा दाब देतो तेव्हा डग्ग्याचा सूर खालून वर सरकतो. इम्पिडन्सचा कडा उभा असलेल्या पट्ट्यात तो सरकला, की सरकता सरकता त्याचा आवाज कमी-जास्त होतो. हाताने दिलेला दाब एक आणि कानावर येणारा दाब दुसराच. मामांना ‘घुमतो’ हा एकच शब्द सापडला होता, पण ते नेमकं ऐकत होते. अशी तक्रार ‘तुमच्या मनाचा खेळ’ म्हणून उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. मल्टीमीटरने मामांच्या प्रत्येक शब्दाची जागा दाखवून दिली.

असे स्पीकर मुळात बनतातच का, हेही समजून घ्यायला हवं. ट्यूबच्या काळात स्पीकर आणि अ‍ॅम्प एकमेकांकडे पाहून घडत. क्वाडने १९५७ मध्ये आपला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणला तेव्हा त्याला चालवायला कंपनीचाच १५ वॅटचा क्वाड २ हा ट्यूब अ‍ॅम्प होता. पुढे ट्रान्झिस्टर आले, आउटपुट इम्पिडन्स शून्याजवळ गेला, आणि स्पीकर घडवणाऱ्यांना एक मोकळीक मिळाली: इम्पिडन्स कितीही नाचला तरी व्होल्टेज हलणार नाही. मग दोन वूफर समांतर जोडून २.८३ व्होल्टला जास्त डेसिबल काढणं सोपं झालं. यात लबाडी नाही. ते स्पीकर त्या अ‍ॅम्पसाठी खरोखर चांगले आहेत, आणि मामांचे स्पीकर जुन्या अ‍ॅम्पवर छान वाजत होते त्याचं कारणही हेच.

पहिला उपाय: ४ ओहमचा टॅप

फुकटचा उपाय आधी. ४ ओहमच्या टर्मिनलवर (यालाच टॅप म्हणतात) तोच ट्रान्सफॉर्मर ३५०० ला ८७५ ने भागतो. ट्यूबचे ७०० ओहम बाहेर ०.८ दिसतात. मोजल्यावर तारेसह १ ओहम आला. आता २२ ओहमच्या शिखरावर नुकसान ०.४ डेसिबल आणि ३.४ च्या दरीत सव्वादोन. चढउतार सव्वातीनवरून १.९ डेसिबलवर आला. ट्यूबलाही बरं वाटलं असणार: ८ च्या टॅपवर ३.४ ओहमचा भार म्हणजे तिच्यासमोर ३५०० ऐवजी सुमारे १५०० ओहम, त्यात विकृती वाढते आणि ८ वॅट पूर्ण मिळतही नाहीत.

तारा हलवल्या, तेच गाणं लावलं, आणि मामा म्हणाले, ‘छे! जीवच गेला रे याचा.’

मी बटणाकडे पाहिलं. ते होतं तिथेच होतं. ४ च्या टॅपवर व्होल्टेज मुळातच ३ डेसिबलने कमी असतो. आवाज थोडा उतरला की माणसाला संगीत निर्जीव वाटतं, हा कानाचा स्वभाव आहे. दोन्ही टॅपवर १००० हर्ट्झचा सूर सोडून स्पीकरवरचा व्होल्टेज सारखा येईल अशा बटणाच्या दोन जागा पेन्सिलने खुणावल्या आणि मग पुन्हा ऐकलं. या वेळी मामा बराच वेळ गप्प राहिले, गाणं संपेपर्यंत. ‘गाणारा पुढे आला,’ एवढंच म्हणाले.

बटण न हलवता काय घडलं होतं, त्याचा हिशेब मी घरी आल्यावर केला. ६२ हर्ट्झचा आवाज २.६ डेसिबलने उतरला होता, १६०० चा अडीचने, पण १३० चा फक्त १.२ ने. सगळंच खाली आलं, पण गाणाऱ्याची छाती सगळ्यात कमी खाली आली. आवाजाची पातळी न जुळवता टॅपची तुलना केली तर माणूस हमखास चुकीचा टॅप निवडतो. या एका गोष्टीमुळे किती चांगल्या जोड्या मोडल्या असतील, याची मला मनापासून हळहळ वाटते.

उरलेल्या घुमण्यासाठी स्पीकर मागच्या भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर होते ते ७० वर आणले आणि पोर्टमध्ये मोकळ्या छिद्रांचा स्पंज सैलसर भरला. पुन्हा मोजल्यावर खालच्या दोन शिखरांच्या जागी ५५ हर्ट्झच्या आसपास एकच पसरट उंचवटा दिसला, १४ ओहमचा. डग्गा जमिनीवर आला. अगदी खोल सूर थोडे गेले. पोर्ट बुजवला की ते जाणारच.

मधल्या १६०० हर्ट्झच्या शिखरासाठी स्पीकरच्या टर्मिनलवर कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टरची एकसर साखळी करून ती स्पीकरला समांतर जोडता येते; ती तेवढ्याच पट्ट्यात इम्पिडन्स दाबते. मी आकडे काढून पाहिले, पण जोडणी केली नाही. कारण दुसरी अडचण तिने सुटणार नव्हती.

आठ वॅट पुरतात का?

ती अडचण मोठ्या आवाजाची. मामा रोज जे ऐकतात त्यात एक वादक आणि एक गायक असतो, पण रविवारी ते वाद्यवृंदाच्या सिम्फनी लावतात आणि जरा मोठ्यानेच. तिथे भरल्या जागी सगळं चिरडल्यासारखं व्हायचं.

गणित असं. ४ ओहमवर ८ वॅट म्हणजे ५.६६ व्होल्ट, २.८३ च्या दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल वर: एक मीटरवर ९६. मामांच्या खुर्चीपर्यंत, २.८ मीटरवर, फोनवरच्या मीटरने साधारण ६ डेसिबलची घट दाखवली. (फोनचा मीटर नेमका आकडा सांगत नसला तरी दोन जागांतला फरक बरा सांगतो.) दोन स्पीकर मिळून ३ परत मिळतात. म्हणजे खुर्चीवर जास्तीत जास्त ९३. मामांची सरासरी पातळी रविवारी ७६ च्या आसपास, आणि वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात शिखर सरासरीच्या १८-२० डेसिबल वर सहज जातं. लागणार ९४ ते ९६, हातात ९३. हा खड्डा टॅप बदलून किंवा स्पंज भरून बुजत नाही. अ‍ॅम्प किंवा स्पीकर, दोहोंतलं एक बदलावं लागणार होतं.

आधी अ‍ॅम्प बदलून पाहिला. माझा ईएल३४ ट्यूबचा पुश-पुल (म्हणजे जोडीतल्या ट्यूब आळीपाळीने काम करणारा) अ‍ॅम्प नेला: प्रत्येक चॅनेलला ३५ वॅट, फीडबॅक असलेला, ४ च्या टॅपवर आउटपुट इम्पिडन्स अर्धा ओहम. स्पंज काढून मूळ स्पीकर लावले. २२ आणि ३.४ मधला फरक आता जेमतेम १ डेसिबल, आणि हातात साडेसहा डेसिबल जास्त ताकद. सिम्फनी मोकळी झाली, डग्गा आखीव झाला. स्पीकर आवडते असतील आणि तेच ठेवायचे असतील, तर माझं उत्तर इथेच संपलं असतं, आणि बहुतेकांसाठी ते बरोबर उत्तर आहे. स्पीकर आधीच घरात असताना सिंगल-एंडेड ट्रायोड निवडणं म्हणजे बऱ्याचदा उलट्या टोकाकडून सुरुवात करणं.

मामांनी तो अ‍ॅम्प तीन दिवस ऐकला. ‘सगळं बरोबर आहे,’ ते म्हणाले, ‘पण माझ्या अ‍ॅम्पमध्ये एकटा माणूस गातो तेव्हा तो खोलीत असतो. तुझ्यात तो ध्वनिमुद्रणात असतो.’ यावर मी वाद घातला नाही. सिंगल-एंडेड ट्रायोडमध्ये दुसऱ्या हार्मोनिकची (मूळ सुराच्या दुप्पट फ्रीक्वेन्सीची) विकृती जास्त असते, ती कानाला गोड लागते, असं स्पष्टीकरण देता येतं आणि ते खरंही आहे. पण ऐकायचं मामांना होतं. अ‍ॅम्प राहणार हे ठरलं, आता स्पीकर शोधायचे.

उधारीची जोडी

एका मित्राकडून आठवड्यासाठी जोडी आणली. कागदी शंकूचा बारा इंची वूफर, वर हॉर्न, बंद पेटी. २.८३ व्होल्टला ९५ डेसिबल. वहीत पुन्हा चाळीस बिंदू: सगळ्यात खाली ६.५ ओहम, शिखर २५. म्हणजे ही जोडी खरोखरच ८ ओहमची.

मामांनी ती ८ च्या टर्मिनलला लावली. छान वाजली. चढउतार १.७ डेसिबल. मी म्हटलं, ‘मामा, आता ४ च्या टॅपला लावून बघू या.’

‘अरे, पण स्पीकर ८ चे आहेत ना?’

टर्मिनलवरचा आकडा हा तिथे एवढाच भार लावण्याचा हुकूम नव्हे. ८ ओहमचा स्पीकर ४ च्या टॅपवर लावला तर ट्यूबसमोरचा भार ३५०० वरून ७००० ओहम होतो. ट्रायोडला हलका भार मानवतो, विकृती कमी होते. ताकद मात्र निम्मी, साधारण ४ वॅट. आणि आउटपुट इम्पिडन्स १ ओहम राहिल्यामुळे २५ आणि ६.५ मधला फरक ०.९ डेसिबलवर येतो. माझ्या पुश-पुलवर जुन्या स्पीकरला मिळत होता तेवढाच सपाटपणा, तोही फीडबॅकशिवाय.

चार वॅट ऐकून मामांचा चेहरा पडला. पण हिशेब पाहा: व्होल्टेज तेच ५.६६, त्यामुळे एक मीटरवर ९५ अधिक ६, म्हणजे १०१. निम्म्या ताकदीत जुन्या स्पीकरपेक्षा ५ डेसिबल जास्त. खुर्चीवर ९८. लागणार होते ९६.

पातळी जुळवून दोन्ही टॅप दोन संध्याकाळी ऐकले. कोणता टॅप लावलाय ते मामांना न सांगता मी सहा वेळा अदलाबदल केली. सहाही वेळा त्यांनी ४ चा टॅप पसंत केला. सहा हा आकडा लहान आहे, पण मला पुरेसा वाटला.

उघडी पडलेली घूं

दुसऱ्याच रात्री फोन आला: ‘गाणं थांबलं की स्पीकरमधून घूं असा आवाज येतोय.’ अ‍ॅम्प बिघडल्याची त्यांची खात्री झाली होती. तो आवाज पहिल्या दिवसापासून होता. जुने स्पीकर तो ऐकवत नव्हते, एवढंच. ३००बी ची फिलामेंट हीच तिची कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) असते, ५ व्होल्ट आणि १.२ अँपिअरवर चालणारी. मामांच्या अ‍ॅम्पमध्ये तिला एसी मिळतो, त्यामुळे थोडी घूं आउटपुटपर्यंत पोचतेच. ८ च्या टॅपवर ती २ मिलिव्होल्ट भरली. ९५ डेसिबलच्या स्पीकरवर २ मिलिव्होल्ट म्हणजे एक मीटरवर ३२ डेसिबल, रात्रीच्या शांततेत जवळ गेलं की जाणवणारी. जुन्या स्पीकरवर ती ५ डेसिबलने कमी, म्हणून लपलेली.

४ च्या टॅपने ती १.४ वर आणली होती. अ‍ॅम्पच्या वरच्या पत्र्यावर प्रत्येक ३००बी शेजारी घूं समतोल करायचा स्क्रू आहे, तो झाकण न उघडता फिरवता येतो. स्पीकरवर मल्टीमीटर लावून, आकडा सगळ्यात खाली जाईपर्यंत तो अगदी हळू फिरवला. उजवीकडे ०.७, डावीकडे ०.८ मिलिव्होल्ट. खुर्चीवर बसल्यावर आता काही ऐकू येत नाही. हॉर्नला कान लावला तर येतं. जास्त संवेदनशील स्पीकर घेणाऱ्याने हे आधीच धरून चालावं, कारण तो स्पीकर चांगल्याबरोबर वाईटही मोठ्याने सांगतो.

एक उणीव राहिली. बंद पेटीतला हा वूफर ५० हर्ट्झच्या खाली लवकर गळतो. चर्चच्या ऑर्गनचे पायाने वाजवायचे खालचे सूर जुन्या स्पीकरवर, स्पंज काढलेल्या पोर्टमधून, जास्त भरीव येत होते. मामांना ते कळलं, आणि त्यांनी तेवढं सोडून द्यायचं ठरवलं. जुने स्पीकर आता आतल्या खोलीत त्यांच्या जुन्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर आहेत, पोर्ट मोकळा, आणि पूर्वीसारखेच छान वाजतात.

उधारीची जोडी परत गेली. मामा तशाच जातीची स्वतःची जोडी शोधताहेत आणि प्रत्येक उमेदवाराचा इम्पिडन्सचा आलेख मला पाठवतात. पहिली ९६ डेसिबलची होती, पण तळ ३.१ ओहमवर, ती त्यांनी मला न विचारताच सोडली. दुसरी ९४ ची, तळ ६.८, शिखर १९. ४ च्या टॅपवर तिचा चढउतार पाऊण डेसिबल निघतो, खुर्चीवर ९७ मिळतात. पुढच्या आठवड्यात ती घरी ऐकायला येते आहे. ऐकायची यादी मामांनी तयार ठेवली आहे, आणि तिच्यात पहिल्या जागी आहे ते डग्ग्याचं ध्वनिमुद्रण.